सातविणीवरच्या गाठी, मावा आणि एक उतावळा फॉरवर्ड

गोव्यातल्या बागायतदारांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. तो थोडक्यात असा: सातविणीच्या पानांवर फोडांसारख्या गाठी दिसल्या तर सावध, ती माव्याची अंडी आहेत. मावा दोन-दोन झाडांवर संसार करतो हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. आठवड्याभरात तो तुमच्या मानकुराद आंब्यावर, काजूवर, मिरचीवर जाईल आणि तिथेही गाठी करील. गाठी विषारी असतात, मुलांना हात लावू देऊ नका. झाड तोडा, नाहीतर औषध मारा. खाली 'जनहितार्थ' आणि हात जोडलेले इमोजी.

यातलं दोन झाडांचं वाक्य खरं आहे. गंमत अशी की ते नीट समजून घेतलं की बाकीचा मजकूर आपोआप कोसळतो.

"ती माव्याची अंडी आहेत"

अंडी नाहीत, आणि मावाही नाही. सातविणीच्या पानावरची गाठ हा पानाचाच वाढलेला भाग असतो. ती घडवणारा कीटक म्हणजे स्यूडोफॅकोप्टेरॉन ट्युबरक्युलेटम. नाव जिभेला जड, कीटक मात्र चिमुकला. त्याचं पिल्लू पानातला रस ओढायला लागतं, तशा आजूबाजूच्या पेशी फुगतात आणि त्याला चारी बाजूंनी वेढून टाकतात. हा सिल्ला गटातला कीटक. मावा आणि तो दूरचे नातलग, दोघांनाही रस ओढायची सोंड आहे, पण म्हणून एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही.

बाकीच्या झाडांचंही तसंच. करंजाच्या पानावरच्या गाठी नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळीकिडींच्या (माइट) असतात. जांभळाच्या आणि उंबराच्या पानांवर पुन्हा सिल्लाच, पण प्रत्येकाची जात निराळी. आंब्याच्या पानावर बारीक पुरळ उठावं तसं दिसतं ते मिजमाशीचं काम. भाताचा पोंगा चंदेरी नळीसारखा झाला की शेतकरी गादमाशीचं नाव घेतो, आणि ते बरोबर असतं.

खरा मावा पाहायचा तर अळसांद्यांच्या (चवळीच्या) कोवळ्या शेंगांवर पाहा, काळ्या दाण्यांसारखा चिकटून बसलेला. मिरची-भेंडीच्या पानामागे तो हिरवट-पिवळा असतो, केळीच्या पोग्याजवळ तपकिरी. केळीवरच्या माव्याला तर खरंच घाबरायला हवं, कारण तो पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पसरवतो. पण यांच्यापैकी कुणीही गाठ करत नाही. फार तर पान आकसतं, चिकट होतं, मुंग्या लागतात आणि मागून काळी बुरशी धरते.

"मावा दोन झाडांवर संसार करतो, म्हणजे कुठेही जाईल"

माव्याच्या सुमारे पाच हजार जाती माहीत आहेत. त्यांतल्या साधारण दहा टक्के जाती वर्षातला काही काळ एका झाडावर आणि काही काळ पूर्णपणे वेगळ्या वनस्पतीवर काढतात. हे बहुतेक थंड प्रदेशांतलं प्रकरण आहे. तिथे हिवाळ्याआधी नर-मादी येतात, अंडी मूळ झाडावर घातली जातात, आणि वसंतात त्या अंड्यातून एक मादी निघते. तिला मूळमाता म्हणू. गाठी करणाऱ्या जातींमध्ये गाठ बांधायची किमया सहसा हिच्याकडेच असते. ती कोवळ्या पानाला टोचते, गाठ तिच्याभोवती मिटते, आत ती नराशिवाय पिल्लं घालते. पुढे पंख फुटलेल्या लेकी किंवा नाती बाहेर पडून दुसऱ्या वनस्पतीवर जातात.

आता हे बघा. अमेरिकेत हॉर्माफिस कॉर्नू नावाचा मावा आहे. त्याची मूळमाता विच हेझल या झुडपाच्या पानावर शंकूसारखी गाठ करते. तिची संतती उन्हाळ्यात नदीकाठच्या बर्च झाडांवर जाते, आणि तिथे तसली एकही गाठ होत नाही. जनुकं तीच, अगदी तीच. मग फरक कशात? अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्राच्या गटाने २०२१ साली याचं बरंचसं उत्तर दिलं. मूळमातेच्या लाळग्रंथींत प्रथिनांचं एक कुटुंबच्या कुटुंब काम करत असतं, त्याची चारशेहून अधिक जनुकं आहेत. ही लाळ पानात उतरते. पुढच्या पिढ्यांत ही जनुकं मंदावलेली असतात. त्याच संशोधनात असंही दिसलं की काही गाठी लाल आणि काही हिरव्या होतात, आणि तो रंग झाड ठरवत नसून माव्याच्या एका जनुकातला फरक ठरवतो. त्या एवढ्याशा किड्याने झाडाला आपल्या मर्जीप्रमाणे रंग चढवायला लावावा, याचं मला फॉरवर्डमधल्या सगळ्या भीतीपेक्षा जास्त नवल वाटतं.

तेव्हा 'दोन झाडं' म्हणजे ठरलेली दोन झाडं, किंवा एक ठरलेलं झाड आणि एक ठरलेला गट. पिस्त्याच्या कुळातल्या झाडांवर गाठी करणारे बरेच मावे नंतर गवताच्या मुळांवर जातात. सुमॅक या झुडपावर गाठी करणारे शेवाळावर (मॉसवर) जातात. दुसऱ्या मुक्कामी, जिथे गाठ करायची नसते, तिथे काही जाती बऱ्याच वनस्पती चालवून घेतात. जिथे गाठ करायची तिथे मात्र त्या कमालीच्या हट्टी. १९८० च्या दशकात जीवशास्त्रज्ञ नॅन्सी मोरान यांनी याचं कारण असं मांडलं, की मूळमाता आपल्या जुन्या झाडासाठी इतकी घडून गेलेली असते की तिला ते सोडता येत नाही. पुढच्या पिढ्या नव्या वनस्पतींवर गेल्या तरी वर्षातून एकदा परत यावंच लागतं. ज्याला आपण जुळवून घेण्याची कमाल समजतो, तो एका अर्थी अडकून पडण्याचा प्रकार आहे. मला हे मत पटतं. दुसऱ्या झाडावर अन्न चांगलं मिळतं म्हणून फेरी चालते असं मानणारेही आहेत, पण कोणत्याही बाजूने पाहिलं तरी विच हेझलचा मावा मानकुरादवर येत नाही.

"आठवड्याभरात"

सुमॅक-शेवाळाच्या जोडीचं वय मोरान यांनी १९८९ साली सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षं मांडलं. आशियातले आणि अमेरिकेतले मावे आजही याच जोडीवर जगतात, म्हणजे दोन खंडांत फाटाफूट होण्याआधीपासूनचं हे नातं. साध्या, गाठ न करणाऱ्या माव्यातही नवं झाड सोपं नसतं: वाटाण्यावरच्या माव्याचे लसूणघासावर वाढलेले आणि लाल क्लोव्हरवर वाढलेले वंश एकमेकांच्या झाडावर नीट वाढत नाहीत.

कीड बदलतच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. गादमाशीने भाताच्या प्रतिकारक वाणांना तोंड देत भारतात सात जैवप्रकार, म्हणजे एकाच जातीतले वेगवेगळे वंश, उभे केले. पण भातातच. ती नारळावर गेली नाही. आणि द्राक्षावरचा फायलोक्सेरा, माव्याचा जवळचा नातलग, १८६० च्या दशकात अमेरिकेतून युरोपात पोचला तेव्हा पोर्तुगालमधल्या दोउरो खोऱ्यातल्या पोर्ट वाइनच्या मळ्यांचीही धूळधाण झाली. पण तोही द्राक्षवेलीवरून द्राक्षवेलीवरच गेला. अमेरिकी वेलींच्या पानांवर तो गाठी करायचा, युरोपी वेलींवर त्याने मुख्यतः मुळं धरली. उपाय सापडला तोही अमेरिकी मुळांवर युरोपी कलम बांधण्याचा, कारण त्या मुळांना त्याची सवय होती. धोका असतो तो जवळच्या भावकीला, शेजारच्या परक्या झाडाला नाही. सातवीण आणि आंबा यांची भावकी नाही, काजूचीही नाही.

"गाठी विषारी असतात"

आजीच्या बाळगुटीच्या डबीत काकडशिंगी आणि मायफळ असतं ना? काकडशिंगी म्हणजे हिमालयातल्या पिस्त्याच्या जातीच्या झाडावर माव्याने केलेली गाठ. मायफळ म्हणजे ओकच्या झाडावर एका चिमुकल्या गांधीलमाशीने केलेली गाठ. पिढ्यान्‌पिढ्या सहाणेवर उगाळून झाल्या आहेत. बाळाला गुटी द्यावी की नाही हे डॉक्टरांना विचारा, तो वेगळा विषय. सातविणीचा चीक चाटून बघा असंही मी म्हणत नाही. पण पानावरच्या गाठीला बोट लागल्याने पोराला काही होत नाही.

"झाड तोडा, नाहीतर औषध मारा"

तोडण्याचं आधी. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ प्रमाणे झाड पाडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, स्वतःच्या कुंपणातलं असलं तरी. मजकुरात हे कुठेच नाही. मोठ्या सातविणीला या गाठींनी सहसा काही होत नाही. रोपवाटिकेतल्या लहान रोपांचं तसं नाही, तिथे गाठाळलेली पानं वेळीच खुडून नष्ट करावीत.

फवारणीचा हिशेब तर मुळातच चुकतो. पिल्लू गाठीच्या आत बंद असतं, वरून मारलेलं औषध त्याच्यापर्यंत जात नाही. जे मरतं ते बाहेर फिरणारं: फुलांवर आलेल्या माश्या, आणि गाठीत सोंडेसारखा काटा खुपसून आतल्या पिल्लावर स्वतःचं अंडं घालणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या, ज्या आपलं काम फुकट करत असतात. शंका असेल तर गाठी असलेली फांदी कागदी पिशवीत घालून विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत दाखवा. आणि मिरचीवर मावा दिसलाच, तर तो मिरचीवरच शोधा. वर सातविणीकडे बघत बसू नका.