नदीची ओटी, आत्तीचा अंगठा

आज संध्याकाळी एका छोट्या कविसंमेलनात शिरोळकडच्या एका मुलीनं कविता वाचली. त्यात आमची पंचगंगा नदीच बोलते. मला आई म्हणू नका, माझी ओटी भरू नका, माझी जागा तेवढी परत द्या, एवढंच तिचं मागणं. मला भरून आलं. आणि अध्यक्ष उठून म्हणाले, "निसर्गाच्या कवितेत बाई-पुरुष कशाला आणायचं?" तेव्हापासून डोकं तडकलंय.

तिनं आणलं होय? जिच्यात मिळून पंचगंगा होते त्या नद्यांची कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती ही नावं कुणी ठेवली? पाणी घाटावर चढलं की साडी, खण, नारळ घेऊन आपणच जातो ना? आणि त्याच नदीत कोल्हापुरातल्या जयंती नाल्याचं सांडपाणी सोडतो.

माझ्या आत्तीचीही ओटी अशीच भरली होती. आजोबा गेल्यावर तिला बोलावलं, गोडाधोडाचं जेवू घातलं, नवी साडी नेसवली आणि कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. तिनं एवढंच मागितलं, "विहिरीवरचा आंबा तेवढा माझा म्हणा. मी लावलाय." सगळे हसले. मी नऊ वर्षांची होते. मीही हसले.

बाई म्हणजे निसर्ग, हे फार घासून झालंय, बाईला त्यातच कोंडतात, मान्य. पण ही मुलगी तेच तर मोडतेय!

२०१९ ला, २०२१ ला घरांत पाणी आलं तेव्हा जो तो म्हणत होता, नदीनं पात्र सोडलं. पूररेषेच्या आत प्लॉट कुणी पाडले? आत्तीनं वाटा मागितला असता तर तिलाही म्हणाले असते, पायरी सोडली.

आबा, म्हणजे माझे वडील, वाईट नव्हते. आत्तीच्या आजारपणात रात्र रात्र उशाशी बसलेत, मी बघितलंय. पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही ते नाहीच. मुलींना बरोबरीचा वाटा देणारा कायदा २००५ पासून देशभर आहे, तरी आमच्याकडं अजून चांगली बहीण म्हणजे सही करून देणारी बहीण. आंबाही दोन वर्षांत तोडला. उसावर सावली पडत होती म्हणे.

त्या मुलीकडून कविता मागून घेतली आणि आत्ताच आत्तीला फोनवर वाचून दाखवली. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "आंब्याचं लिवलंय का गं तिनं कुठं?"