चन्नम्मा कुठल्या, शाहू कुठले, ते आधी सांगा

२६ जून उजाडला की व्हॉट्सअॅपवर शाहू महाराजांचा पूर येतो. मजकूर राजर्षींचा असतो. आरक्षण, वसतिगृहं, सक्तीचं प्राथमिक शिक्षण, सगळं बरोबर. वर चित्र मात्र बऱ्याचदा साताऱ्याच्या छत्रपती शाहूंचं. म्हणजे जयंती १८७४ साली जन्मलेल्यांची आणि हार १६८२ साली जन्मलेल्यांना. निपाणी-बेळगाव पट्ट्यात तरी हे व्हायला नको. कागल आपल्याला परकं आहे होय? कोगनोळीचा नाका ओलांडला की आलंच. राजर्षी मूळचे त्याच कागलच्या घाटग्यांच्या घरातले यशवंतराव. १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले.

खरी गंमत पुढं आहे. साताऱ्याचे शाहू म्हणजे संभाजी महाराजांचे चिरंजीव. १६८९ ते १७०७ मोगलांच्या कैदेत वाढले, सुटून आले आणि गादीवरून ताराबाईंशी त्यांचा झगडा झाला. त्या भाऊबंदकीतून सातारा वेगळं नि कोल्हापूर वेगळं झालं, आणि १७३१ च्या वारणेच्या तहानं वाटणी पक्की झाली. ज्यांच्याशी कोल्हापूरच्या गादीनं इतकी वर्षं दावा मांडला, त्यांचंच चित्र आपण कोल्हापूरच्या महाराजांच्या जयंतीला लावतो! शिवाय साताऱ्याला आणखी एक, दुसरे शाहू होऊन गेले, आणि कोल्हापूरचे २०२४ साली निवडून आलेले खासदारही शाहू छत्रपतीच. त्या मानानं पेशव्यांचं बरं आहे. थोरले बाजीराव, दुसरे बाजीराव अशी नावापुढं सोय करून ठेवलेली. पालखेडची लढाई दुसऱ्या बाजीरावाच्या खात्यावर कुणी मांडत नाही.

माझं म्हणणं असं आहे की दोन मोठ्या माणसांचं नाव एक असलं की एकजण दुसऱ्याला खाऊन टाकतो. बहुतेक वेळा अलीकडचा जुन्याला खातो, नाहीतर ज्याचा पुतळा आपल्या चौकात आहे तो ज्याचा नाही त्याला. यात मेलेल्या माणसाचं काही जात नाही. आपण कुणाचं देणं लागतो, तेवढं मात्र आपण विसरतो. आणि बेळगावातल्या मराठी माणसाच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त कुणाबद्दल घडलं असेल तर ते चन्नम्मांबद्दल.

माझा भाचा नववीत आहे. परवा विचारत होता, "मामा, चन्नम्मा राणीनं राजाराम महाराजांना आसरा दिला म्हणे. मग ती इंग्रजांशी कवा लढली? किती वर्षं जगली असंल?" पोराचा हिशेब चोख होता. राजाराम महाराज तमिळनाडूतल्या जिंजीच्या किल्ल्याकडं गेले १६८९ साली, कित्तूरची लढाई झाली १८२४ साली. मध्ये १३५ वर्षं. पोरानं निदान वजाबाकी तरी केली. मोठी माणसं तेवढंही करत नाहीत.

तर दोघी वेगळ्या. कित्तूरच्या राणी चन्नम्मा आपल्या शेजारच्याच, जन्म १७७८ चा, काकतीचा. हायवेवरून जाताना आपण रोज ज्या काकतीवरून जातो तेच हे गाव. लग्न कित्तूरच्या मल्लसर्ज देसाईंशी. नवरा गेला, मुलगा गेला, दत्तक घेतला, इंग्रजांनी दत्तक मानला नाही. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या वेशीत मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, किल्ला पडला, राणी कैद झाल्या आणि १८२९ साली बैलहोंगलच्या किल्ल्यात त्यांनी देह ठेवला. समाधी तिथंच आहे. त्यांचे सरदार संगोळ्ळी रायण्णा पुढं लढत राहिले, त्यांना १८३१ साली आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलं. बेळगावात चन्नम्मा म्हटलं की याच. चौक त्यांचा, विद्यापीठ त्यांचं, बंगळूरला जाणारी रेल्वे त्यांची. आणि ते योग्यच आहे. यात कुणी भाषेचा वाद घालायला आला तर त्यानं खुशाल दुसऱ्याच्या पोस्टवर जावं.

दुसऱ्या चन्नम्मा केळदीच्या. केळदी शिमोगा जिल्ह्यात, सागर तालुक्यात. राज्याची राजधानी बिदनूर. नवरा सोमशेखर नायक गेल्यावर सुमारे १६७२ पासून पाव शतक या बाईंनी एकटीच्या बळावर राज्य राखलं. दत्तक मुलगा बसप्पा नायक पुढं राजा झाला आणि त्यानं 'शिवतत्त्वरत्नाकर' हा संस्कृतातला ज्ञानकोश रचला. म्हणजे घर नुसतं तलवारीचं नव्हतं.

आता १६८९ साल डोळ्यासमोर आणा. मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झालेली. रायगडाला वेढा. नवे छत्रपती राजाराम महाराज वयानं एकोणीस वर्षांचे. पन्हाळ्याहून मोजकी माणसं घेऊन ते निघाले ते लिंगायत यात्रेकरूंचा वेष घेऊन, असं सांगतात. इतिहासकार जो मार्ग देतात त्यात गोकाक आहे, सौंदत्ती आहे, पुढं नवलगुंद, लक्ष्मेश्वर, हावेरी. गोकाक आणि सौंदत्ती! जिथं आपण धबधबा बघायला जातो आणि यल्लम्माला जातो, तिथून मराठ्यांचा छत्रपती जीव मुठीत धरून गेला. मागं औरंगजेबाची माणसं. अशा वेळी त्याला दारात घेणं म्हणजे स्वतःचं राज्य पणाला लावणं. केळदीच्या चन्नम्मांनी घेतलं. पुढची वाट काढून दिली. बादशहानं जान निसार खानाला फौज देऊन बिदनूरवर पाठवलं. लढाई झाली, शेवटी तडजोड झाली, पण राजाराम महाराज तोवर जिंजीला पोचले होते. त्या जिंजीवरून मराठ्यांचा कारभार आठ वर्षं चालला. ती वाट मध्येच तुटली असती तर पुढचा सगळा इतिहास, साताऱ्याचे शाहू, कोल्हापूरची गादी, बाजीराव, काय झाला असता कुणास ठाऊक.

आणि या बाईंचं नाव बेळगावातल्या किती मराठी घरांत माहीत आहे? कित्तूरच्या चन्नम्मा आपल्याला ठाऊक आहेत कारण पुतळ्याला वळसा घालूनच बाजारात जावं लागतं. पण ज्यांच्यापुढं मराठी माणसानं आधी हात जोडायला हवेत त्या केळदीच्या. त्यांची ओळख मोठ्या नावाच्या सावलीत गेली. इंटरनेटवर तर मी एकच घोडा, एकच तलवार, एकच चेहरा दोघींच्या नावानं फिरताना पाहिलाय.

राजाराम म्हटल्यावर तिथंही घोळ आहेच. जिंजीला गेलेले राजाराम १७०० साली सिंहगडावर वारले. त्याच नावाचे कोल्हापूरचे एक तरुण महाराज इंग्लंडची सफर करून परतताना १८७० साली इटलीत फ्लॉरेन्सला वारले. तिथं आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं, आणि त्या जागेवर आजही त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे. तिसरे राजाराम म्हणजे राजर्षींचे चिरंजीव, १९२२ ते १९४० गादीवर असलेले. तिघांत मिळून दोनशे सत्तर वर्षांचं अंतर, आणि आपण भाषणात नुसतं "राजाराम महाराजांनी" म्हणून मोकळे.

गंमत म्हणजे गावात हा घोळ कधी होत नाही. आपल्याकडं यल्लम्मामुळं यल्लाप्पा आणि परशराम इतके आहेत की एका गल्लीत हाक मारली तर चौघं वळून बघतात. पण "वरल्या गल्लीतला", "गिरणीवाला", "मिलिट्रीतला" एवढं लावलं की माणूस बिनचूक सापडतो. पाटलांचं तर विचारूच नका. आपल्या भागात पाटील मराठा असतो, लिंगायत असतो, जैन असतो. नुसतं पाटील म्हणून कुणी कुणाला उधार देत नाही, आधी गाव विचारतो. तीच अक्कल थोरांच्या बाबतीत का वापरत नाही आपण?

कधीकधी तर बापाचं नाव लावूनही भागत नाही. विनायक दामोदर म्हणजे कोण? सावरकर, हे कुणीही सांगेल. बेळगावकरांना तर १९५० साली त्यांना आपल्या हिंडलग्याच्या तुरुंगात ठेवलं होतं हेही माहीत असतं. पण मास्टर विनायक, सिनेमाचे दिग्दर्शक आणि नट, अभिनेत्री नंदाचे वडील, ते पण विनायक दामोदरच. आडनाव कर्नाटकी! जन्म कोल्हापूरचा, आडनाव कर्नाटकी. सीमाप्रश्नावर याहून झकास विनोद मला तरी ठाऊक नाही. बाळ गंगाधर म्हटलं तर टिळक. त्यांनी होमरूल लीग १९१६ साली बेळगावातच काढली, आपली टिळकवाडी आहेच. पण ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढणारे जांभेकर पण बाळ गंगाधर, आणि मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री खेर पण बाळ गंगाधर. इथं घोळ होत नाही याचं कारण आडनाव. राजांना आडनावानं कुणी ओळखत नाही, म्हणून त्यांच्या नावापुढं गाव आणि साल लावणं आपलं काम.

निवडणुकीतल्या नामसाधर्म्यावर वेगळी पोस्ट होईल, पण थोडं सांगतोच. तिथं हे अज्ञानातून होत नाही, ठरवून होतं. २०१४ ला रायगडात सुनील तटकरे २,११० मतांनी पडले, आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं पडली होती. २०२४ ला असल्या उमेदवारांना बंदी घाला म्हणून कुणी सुप्रीम कोर्टात गेलं, तर कोर्टानं विचारलं की आईबापांनी तसं नाव ठेवलं असेल तर त्याला निवडणूक लढवू नको म्हणायचं का? कोर्टाचं बरोबरच आहे. नियमात तोड आधीपासून आहे की नावं सारखी असतील तर धंदा किंवा राहण्याचं ठिकाण लावा. म्हणजे आमच्या "गिरणीवाला" पद्धतीवर सरकारी शिक्का. १९९६ ला बेळगाव लोकसभेला सीमाप्रश्नाकडं लक्ष वेधण्यासाठी आपले लोक उभे राहिले आणि एकूण ४५६ उमेदवार झाले, तेव्हा मतपत्रिकेची वही झाली होती. त्याच वर्षी कायदा बदलून अनामत ५०० वरून १०,००० रुपये झाली. आपल्या भागातली नावं बघता त्या वहीत पाटील आणि जाधव शोधणाऱ्या मतदाराला मी मनापासून नमस्कार करतो.

असो. मूळ मुद्दा केळदीच्या चन्नम्मांचा. बेळगावची वैशाखातली शिवजयंती आणि रात्रभर चालणारी चित्ररथांची मिरवणूक, तिच्याइतकी देखणी मिरवणूक मी दुसरीकडं पाहिलेली नाही. अफझलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, राज्याभिषेक, हे प्रसंग दरवर्षी चार-चार मंडळं करतात. एखाद्या मंडळानं यंदा बिदनूरचा दरबार करून दाखवावा. यात्रेकरूच्या वेषातले एकोणीस वर्षांचे राजाराम महाराज आणि समोर केळदीच्या राणी. संवाद थोडे मराठीत, थोडे कन्नडमध्ये ठेवा, इथल्या गर्दीला दोन्ही कळतात. आणि पाटीवर "केळदी" ही अक्षरं "चन्नम्मा" एवढीच मोठी काढा, खाली साल घाला, १६८९. कुणी मनावर घेतलं तर मराठी मजकूर मी लिहून देतो. कन्नड लिहून द्यायला बैलहोंगलचा माझा दोस्त तयार आहे, त्याला कालच विचारून ठेवलंय. मंडळाच्या पोरांनी इनबॉक्समध्ये या.