'एचआयव्हीचा विषय संपला, आता हे नुसते ग्रँट खातात' म्हणे

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्याचं सार असं की एचआयव्हीवर रोजची एक गोळी आली, विषय संपला, तरी काही संशोधक जन्मभर त्यालाच चिकटून बसलेत आणि ग्रँट चालू राहावी म्हणून आता त्यात म्हातारपण घुसडलंय. वर सल्ला पण आहे, गोळ्यांनीच माणूस लवकर म्हातारा होतो, त्यापेक्षा इम्युनिटी वाढवा.

आधी ते 'घुसडलंय' बघू. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या रीटा एफ्रॉस या इम्युनॉलॉजिस्टचं करिअर घ्या, ते नेमकं उलटं आहे, आधी म्हातारपण, मग एचआयव्ही. लॅबमध्ये टी पेशींना, म्हणजे इम्यून सिस्टिमच्या लढाऊ पेशींना, परत परत चेतवत राहिलं की त्या विभागत जातात आणि एका टप्प्यावर ठप्प होतात. मरत नाहीत हां, नुसत्या बसून राहतात, टेलोमिअर (क्रोमोसोमच्या टोकाची टोपणं, पेशी विभागते तशी झिजतात) झिजलेले आणि अंगावरचं सीडी२८ नावाचं प्रोटीन गळून गेलेलं, म्हणजे पेशींचं म्हातारपणच. तर तशाच सीडी२८ नसलेल्या सीडी८ पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) एचआयव्ही असलेल्यांच्या रक्तात ढिगाने दिसत होत्या, त्यांचे टेलोमिअर एफ्रॉस आणि सहकाऱ्यांनी मोजले आणि १९९६ च्या पेपरमध्ये छापलं की लांबी शंभरी गाठलेल्या माणसांच्या पेशींइतकी भरतेय. तेव्हा तीन औषधं एकत्र द्यायला जेमतेम सुरुवात होत होती, रोजची एक गोळी तर लांबच. मग घुसडलं कधी?

'विषय संपला' म्हणणाऱ्यांना एवढंच, गोळी व्हायरसची वाढ दाबते, पेशींमध्ये लपलेला व्हायरसचा साठा तसाच राहतो. आणि लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातल्या सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या टी पेशी) साफ होतात, अस्तर गळकं होतं, बॅक्टेरियाचे तुकडे रक्तात झिरपत राहतात आणि इम्यून सिस्टिमला झोप म्हणून नाही, गोळ्या चालू असल्या तरी पूर्ण शांत होत नाही. त्याचा फटका हृदयाला पण बसतो. २०२३ मध्ये रिप्रीव्ह ट्रायलचा रिझल्ट आला, १२ देशांतले ७,७६९ लोक, सगळे एचआयव्हीची औषधं घेणारे, त्यात पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठे प्रकार ३५ टक्क्यांनी कमी निघाले. विषय संपला म्हणून सगळे घरी बसले असते तर हे कळलं असतं का?

इम्युनिटी वाढवा म्हणे! अहो, ती बंदच होत नाहीये हाच तर घोळ आहे, अजून काय वाढवताय.

राहिलं 'गोळ्यांनीच म्हातारपण'. यात थोडं खरं आहे, जुनी काही औषधं खरंच वाईट होती, स्टॅव्ह्यूडिनने तर गाल खप्पड व्हायचे. पण म्हणून गोळ्या सोडायच्या? ते करून बघितलंय. स्मार्ट नावाच्या ट्रायलमध्ये ५,४७२ लोक होते, निम्म्यांनी रक्तातल्या सीडी४ पेशींचा आकडा बघून मधेमधे औषधं थांबवायची असं ठरलं होतं. थांबवणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले, हृदय, किडनी, लिव्हरचे गंभीर आजारही जास्त, इतके की २००६ मध्ये ते थांबवणंच थांबवावं लागलं.