एमपी४मध्ये दर्जा उतरतो? खुलासा

‘लग्नाचं शूटिंग एमओव्हीतच मागा, एमपी४मध्ये दर्जा उतरतो,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. ही दोन्ही नुसती व्हिडिओ फाइलच्या प्रकारांची, म्हणजे चित्र-आवाज ठेवायच्या डब्यांची नावं. एमपी४चा साचा तर अ‍ॅपलच्या क्विकटाइमवरून, म्हणजे एमओव्हीवरूनच बेतलेला! डब्यात भाजी कोणती ते कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, ठरवतो: एच.२६४, एचईव्हीसी किंवा प्रोरेस. शिवाय सेकंदाला किती डेटा भरलाय, म्हणजे बिटरेट, तोही बघायचा. ३८४० × २१६० पिक्सेलचं फोर-के फारच कमी बिटरेटवर घेतलं, तर हलत्या दृश्यात चौकोन उमटणारच. नुसता डबा बदलला तर चित्राला धक्का लागत नाही; पुन्हा एन्कोड केलं, म्हणजे चित्र नव्याने दाबलं, तर लागतो. आणि मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून मागवू नका, तिथे ती दाबली जाते. पेनड्राइव्ह न्या.