कोपऱ्यातलं घड्याळ हे घड्याळच नव्हे

परवा भाचा आला होता. माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, "मावशी, हे एवढं थोरलं घड्याळ कशाला लावलंयस? खाली कोपऱ्यात आहे की!" त्याला दोन वाक्यांत काहीतरी सांगून वाटेला लावलं. पण तेवढ्यावर माझंच समाधान झालेलं नाही, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

कोपऱ्यात आहे, मान्य. पण कसं आहे? आम्ही तळटीप ज्या अक्षरात लावतो तेवढ्या अक्षरात, शेजारी बॅटरी, वायफाय, आवाज या सगळ्या गर्दीत दाटीवाटीने उभं. तिथे मुद्दाम बघितलं तर वेळ कळते. आणि वेळ बघायला हवी हेच ज्याला आठवत नाही, तो मुद्दाम बघणार कधी? भिंतीवरच्या घड्याळाचं तसं नसतं. ते मान वळवताना, आळस देताना, पाण्याची बाटली उचलताना आपोआप नजरेत येतं. घड्याळाचं निम्मं काम न विचारता वेळ सांगणं हे आहे. कोपऱ्यातलं घड्याळ विचारल्याशिवाय बोलत नाही.

मी छपाईसाठी पानं लावायचं, म्हणजे मजकूर पानात मांडायचं काम करते. पानाला जागा जास्त मिळावी म्हणून टास्कबार, म्हणजे स्क्रीनच्या तळाची पट्टी, आपोआप लपेल असं ठेवलेलं, म्हणजे तेवढं कोपऱ्यातलं घड्याळही गेलं. भिंतीवरचं माझ्या पाठीमागे. एकदा एका अंकाची फाइल प्रेसला संध्याकाळी सहाच्या आत जायची होती. चारला शेवटचं वाचन संपलं आणि लक्षात आलं की एका लेखात फॉन्ट बदलताना जोडाक्षरं फुटलीयत. 'क्ष'चा पाय मोडून बाजूला उभा, रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. एकेक शोधत बसले. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, त्यात एक प्रकारची तंद्री लागते. माझ्या हिशेबाने सव्वापाच झाले असतील. फाइल पाठवायला खिडकी लहान केली, माउस खाली नेला, टास्कबार वर आला. सहा वीस. प्लेटला तोवर दुसऱ्याचं काम चढलं होतं. प्रेसवाल्यांचा काही दोष नव्हता. आमचा अंक दोन दिवस लांबला आणि ते दोन दिवस मी फोन उचलताना आधी घसा साफ करत होते.

फोनवर वेळ बघ, असं सगळे सांगतात. वेळ बघायला फोन उचलायचा, तीन निरोप वाचायचे, एकाला अंगठा द्यायचा, फोन खाली ठेवायचा आणि मग लक्षात येतं की वेळ बघायचीच राहिली. तो उपाय नको.

मग ठरवलं, घड्याळ स्क्रीनवरच आणि मोठं. इथून पुढे जी धडपड झाली ती सांगते, म्हणजे तुमची वाचेल.

पहिली चूक सेकंदांची. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, तिथे टास्कबार, त्यात खाली कोपऱ्यातल्या घड्याळाला सेकंद दाखवायची सोय आहे. २०२१ मध्ये विंडोज ११ आली तेव्हा ती नव्हती, २०२३ मध्ये दिली. त्या पर्यायाशेजारी कंपनीनेच लिहून ठेवलंय की याने वीज जास्त जाते. मला आधी गंमत वाटली, एक आकडा बदलायला असा काय खर्च? पण सेकंदाला एकदा का होईना, मशीनला उठून काहीतरी रंगवावं लागतं, आणि लॅपटॉपला निवांत पडू द्यायचं असेल तर तेही जास्तच.

ही तक्रार जुनी आहे. १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर टास्कबार आला आणि घड्याळ त्याच्या टोकाला जाऊन बसलं. मायक्रोसॉफ्टमधले जुने इंजिनिअर रेमंड चेन यांनी नंतर लिहिलंय की सुरुवातीच्या चाचणीतल्या आवृत्तीत तास आणि मिनिटांमधली टिंबं लुकलुकायची, सेकंदही दिसायचे. पण तेव्हा ही प्रणाली ४ एमबी मेमरीच्या मशीनवर चालवायची होती. दर सेकंदाला घड्याळ रंगवायचं म्हणजे त्यासाठी लागणारा ऐवज सतत मेमरीत धरून ठेवायचा, आणि तेवढ्याने बाकीची कामं मंदावल्याचं मोजणीत दिसायला लागलं. म्हणून टिंबं गेली, सेकंद गेले. आज माझ्या मशीनची मेमरी तेव्हाच्या चार हजार पट आहे आणि सेकंद पुन्हा आलेत. चार हजार पट मेमरी माझ्या डोक्याची मात्र झालेली नाही. तीन दिवस सेकंद ठेवले. हलणाऱ्या गोष्टीकडे डोळा जातोच, तो माझ्या हातातला नाही. पान लावताना दर थोड्या वेळाने नजर खाली. वेळ कळत होती, काम कळेनासं झालं. चौथ्या दिवशी बंद केले.

दुसरा मोह जुन्या गॅजेटांचा, म्हणजे स्क्रीनवर ठेवायच्या चिमुकल्या प्रोग्रॅमांचा. विंडोज व्हिस्टाच्या काळात, म्हणजे २००७ मध्ये, स्क्रीनच्या कडेला एक पट्टी आली होती आणि तिच्यात काट्यांचं गोल घड्याळ होतं. विंडोज ७ मध्ये ते डेस्कटॉपवर कुठेही ठेवता यायचं. देखणं होतं, खोटं कशाला बोला. पण २०१२ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं की ही गॅजेटं बंद करा, त्यांच्या फटीतून परका माणूस तुमचं मशीन ताब्यात घेऊ शकतो. विंडोज ८ मध्ये ती काढूनच टाकली. तीच गॅजेटं परत बसवून देणारी पॅकेजं अजून फिरताना दिसतात. ज्या गोष्टीला बनवणाऱ्यानेच घराबाहेर काढलं, तिला मी मागच्या दाराने आत घेणार नाही.

शेवटी थांबले ती रेनमीटरवर, म्हणजे विंडोजच्या डेस्कटॉपवर घड्याळं वगैरे ठेवून देणाऱ्या प्रोग्रॅमवर. फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे आणि जुनं आहे. बसवल्याबरोबर जी स्किन, म्हणजे तयार सजावट, येते तिच्यात एक साधं आकडी घड्याळ असतंच, बाकी काट्यांची हवी तेवढी मिळतात.

पण खरी मेख पुढे होती. बसवल्यावर मी घड्याळ छान मोठं केलं, डेस्कटॉपच्या मधोमध ठेवलं, मागचं चित्रही त्याला शोभेल असं बदललं आणि कामाला लागले. पानाची खिडकी उघडली, घड्याळ गायब. अर्थातच! ते डेस्कटॉपवर आहे आणि डेस्कटॉप मला दिवसातून दोनदा दिसतो, मशीन सुरू करताना आणि बंद करताना. म्हणजे 'डेस्कटॉपवर घड्याळ' हा शब्दप्रयोगच फसवा. आपल्याला हवं असतं ते सगळ्या खिडक्यांच्या वर तरंगणारं घड्याळ. रेनमीटरमध्ये घड्याळावर राइट क्लिक करून सेटिंग्ज, त्यात पोझिशन, तिथे 'स्टे टॉपमोस्ट' निवडायचं. हे एक केलं नाही तर बाकी सगळी सजावट आहे.

वर तरंगायला लागलं की दुसरी कटकट. त्याच्या खाली जे बटण येतं ते दाबता येत नाही, क्लिक घड्याळालाच लागतं. त्यासाठी त्याच मेन्यूत 'क्लिक थ्रू' आहे. घड्याळ काचेसारखं होतं, दिसतं पण माउसला लागत नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी खूश, आणि पाच मिनिटांनी घाबरीघुबरी, कारण घड्याळ हलवायचं तर त्याच्यावर राइट क्लिकही होईना! कंट्रोल दाबून धरलं की ते पुन्हा माउसला लागतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तुम्ही माझ्यासारखे टास्क मॅनेजरमध्ये जाऊन त्याचा गळा आवळू नका.

मॅकवाल्यांना यातलं बरंच तयार मिळतं. मॅकच्या सोनोमा या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, डेस्कटॉपवर घड्याळाचं विजेट ठेवता येतं, पण तेही खिडक्यांच्या मागेच. वरच्या पट्टीतल्या घड्याळाला मात्र दर तासाला, अर्ध्या तासाला किंवा पाव तासाला वेळ बोलून दाखवायला सांगता येतं. ही सोय मला सगळ्यात शहाणी वाटते, फक्त मीटिंगमध्ये असताना ती बोलली की पंचाईत. लिनक्सवाल्यांना मी काय सांगणार, त्यातले केडीई नावाचा डेस्कटॉप वापरणारे तर राइट क्लिक करून घड्याळ ठेवून मोकळे होतात. आणि एक्सक्लॉक नावाचं साधं काट्यांचं घड्याळ ऐंशीच्या दशकापासून आहे तसंच चालू आहे. भाच्याने ते मला त्याच्या लॅपटॉपवर उघडून दाखवलं. पांढऱ्या चौकोनात दोन काळे काटे, बस. त्याला ते विनोदी वाटलं. मला हेवा वाटला.

आता काटे की आकडे. मी काट्यांच्या बाजूची आहे. आकड्यात ५:४० दिसलं की सहाला किती उरले याची वजाबाकी करावी लागते. छोटी आहे, पण कामाच्या तंद्रीत ती होत नाही, '५:४०' हे नुसतं वाचलं जातं आणि डोक्यावरून जातं. तबकडीवर मोठा काटा आठवर असला की तिथपासून बारापर्यंतची फोड डोळ्याला दिसते. वेळ वाचावी लागत नाही, किती शिल्लक आहे ते दिसतं. म्हणून माझ्या घड्याळावर आकडे नाहीत, बारा रेघा आहेत, सेकंदकाटा नाही. आकार तळहाताएवढा. रंग पानाच्या पांढऱ्यावर जेमतेम उठेल असा राखाडी. जागा वर उजवीकडे, जिथे माझी पॅलेटं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या हत्यारांच्या चौकटी, संपतात. ओळी तपासताना नजर ओळीच्या शेवटाला गेली की त्याच्या काठाला शिवून येते.

माझी एक मैत्रीण म्हणते, याने ताण येईल, परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखं वाटेल. ती अनुवाद करते. तिचं म्हणणं मी उडवून लावलं होतं, पण मागच्या महिन्यात स्वतः चार पानं लिहायला बसले तेव्हा पटलं. काट्याकडे बघत एकही वाक्य पुढे सरकेना. त्या दिवशी घड्याळ बंद ठेवलं. म्हणजे लावायच्या कामाला हवं, लिहायच्या कामाला नको, निदान माझ्यापुरतं तरी.

आणि मोठ्या घड्याळाचा एक धोका, तो मी भोगलाय. आमच्याकडचं जुनं मशीन कधीतरी वापरात येतं. तिथेही हेच घड्याळ बसवलं. एके सकाळी ते दोन तास मागे. मदरबोर्डवर बटणासारखा चपटा सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना त्याच्यावर क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरत वेळ मोजत असतो. सेल उतरला की मोजणी बिघडते. कोपऱ्यातलं घड्याळ चुकलं असतं तर मी फोनवर ताडून बघितलं असतं. पण तळहाताएवढं घड्याळ एवढ्या आत्मविश्वासाने साडेनऊ सांगत होतं की मी साडेअकराला निवांत बसले होते. नंतर सेल पूर्णच मेला, तारीख कित्येक वर्षं मागे गेली आणि एकही वेबसाइट उघडेना, कारण त्यांची ओळख पटवणारी सुरक्षा प्रमाणपत्रं मशीनच्या मते अजून जन्मलीच नव्हती. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत असा सेलच नव्हता, त्या काळची प्रणाली डॉस सुरू होताना दर वेळी तारीख विचारायची. आता सेल बदललाय, आणि तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन 'सिंक नाऊ' अधूनमधून दाबते.

आता नवीन मॉनिटर आलाय, ओएलईडी. त्यात एकच गोष्ट एकाच जागी महिनोनमहिने राहिली की तिचा डाग उमटण्याची भीती असते. म्हणून दर सोमवारी घड्याळ जरा सरकवते, कधी खाली, कधी डाव्या अंगाला. मंगळवारपर्यंत नजर जुन्या जागी जाते, तिथे रिकामा पांढरा दिसतो आणि क्षणभर पुन्हा सव्वापाचच वाजल्यासारखं वाटतं.