घोडी उसनी द्यायचीय? मग अशी द्या

तर तुमच्याकडे घोडी आहे. पाणीदार आहे, दोन्ही कानांची टोकं वर एकमेकांना टेकतात अशी मारवाडी, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात तापीकाठी उभं राहून घेतलेली, आणि बायकोला किंमत निम्मीच सांगितलेली. आता मात्र तुम्हाला वेळ नाही. दोन महिन्यांत तीनच रविवार खोगीर चढलं, बाकी दिवस ती खाते, लाथा झाडते आणि तबेल्याची फळी कुरतडते. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं, हे कोडं आपल्याला पोरवयात घातलं होतं, उत्तरही पाठ आहे, न फिरवल्यामुळे. पण उत्तर पाठ असणं वेगळं आणि सकाळी साडेपाचला उठून घोडी फिरवणं वेगळं.

अशा वेळी घरात एक भाचा असतोच. "मामा, मी नेऊ का पंधरा दिवस?" लगेच हो म्हणू नका. आधी मोठा उसासा टाका, मग म्हणा, "ने, पण जिवापाड जप." चाऱ्याचा पंधरा दिवसांचा खर्च वाचला हे तोंडावर दिसता कामा नये.

आता मुख्य गोष्ट. घोडीच्या खोडी अजिबात सांगायच्या नाहीत. विचारलंच तर "एकदम गरीब आहे, लेकरू बसव." तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती पोट फुगवून उभी राहते आणि दहा पावलं चालली की पोट सोडते, मग तंग ढिला पडतो आणि खोगीर स्वारासकट बाजूला घसरतं, म्हणून थोडं चालवून तंग पुन्हा आवळायचा असतो, हे त्याला घसरल्यावर कळेलच की. माणूस अनुभवातून शिकतो. रिकिबीचे, म्हणजे पाय अडकवायच्या कडीचे, पट्टे तुमच्या उंचीचेच राहू द्या. खरं तर हाताची बोटं पट्ट्याच्या बकलापाशी ठेवायची आणि रिकीब काखेत पोचते का बघायचं, एका मिनिटाचं काम आहे, पण भाचा सहा फूट, तुम्ही पाच-चार, गुडघे हनुवटीला लावून बसलेला भाचा बघायची मजा कशाला घालवायची?

हेल्मेट मागितलं तर हसा. "मावळे हेल्मेट घालायचे का रे?" त्याला शिरस्त्राण हा शब्द आठवला तर विषय बदला.

लगामाबाबत मी जरा गंभीर आहे. काटेरी लगाम दिलात तर घोडी पटकन थांबते, तोंडातून रक्तही येतं. जनावरांवरच्या क्रूरतेविरोधातल्या 1965 च्या नियमांत काटेरी लगाम वापरायला सरळ बंदी आहे, पण आपल्याकडे नियम आणि घोडा दोन्ही मागून हाकतात. मी तो दिला नाही हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे माझ्या बाजूने लिहिण्यासारखं फार काही उरणार नाहीये.

खाण्याचं विचारेल. "घरात असेल ते घाल, लाडाची आहे." एवढं बास. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं पुढेच जातं नाहीतर अडतं, आणि अडलं की पोटशूळ, मग रात्री दोनला डॉक्टर शोधत फिरा. म्हणूनच खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवस थोडं थोडं बदलतात, दाणा एकदम वाढवत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. सांगायचं राहिलं. तसं बघितलं तर राहिलं नव्हतं, पण तुम्हाला कळतंय.

आणि हो, मनात अपराधी वगैरे वाटू देऊ नका, परंपरा आपल्या बाजूची आहे. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा आणि बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसायचा, म्हणजे उसन्या घोड्यावरच निम्मं स्वराज्य फिरलं. फरक इतकाच की महाराजांच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पाणी भरणारा पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असायचा. आपण भाच्याला काय दिलं? अंग घासायचा एक खरारा, अर्धा पोतं कोंडा आणि आशीर्वाद. नाल सहा आठवड्यांनी बदलायला लागतात, तीही तारीख नेमकी त्याच्याच पंधरवड्यात पडेल अशी बघा.

घोडी टेम्पोत चढली की गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. आपण नाशिककर तर गोदावरीलाच गंगा म्हणतो, त्यामुळे ही म्हण आपल्याला जास्त शोभते.

मग रोज संध्याकाळी फोन. "पडला नाहीस ना अजून?" यातला 'अजून' नीट उच्चारायचा.

आमची मैना दोन गोष्टींना बुजते. एक म्हणजे द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की. भाच्याच्या मखमलाबादकडे छाटणीनंतर हा आवाज दिवसातून चार वेळा येतो, म्हणजे तिथे घोडी देणं म्हणजे फटाक्याच्या दुकानात विडी ओढायला देणं. दुसऱ्या गोष्टीला ती बुजत नाही, उलट खुलते, आणि तेच जास्त वाईट आहे. माझ्याआधीच्या मालकाने तिला वरातीत नाचायला शिकवलं होतं. ढोल वाजला की ती मान वाकवते, पुढचे पाय आळीपाळीने उचलते आणि मग वर बसलेला माणूस कोण आहे, कुठे निघालाय, याच्याशी तिचं काही देणंघेणं राहत नाही.

हे मी सांगितलं नव्हतं. सातव्या दिवशी भाचा एका लॉन्ससमोरून चालला होता, आत बँड जमत होता, ताशावर पहिली काडी पडली आणि मैना गेटातून आत. पाहुण्यांना वाटलं नवरदेवाकडून सरप्राइज आहे. खरा नवरदेव भाड्याच्या पांढऱ्या घोडीवर बाजूला उभा, त्याच्याकडे कुणी बघेना, आणि आमचा भाचा ट्रॅकपँट आणि बनियनवर पस्तीस मिनिटं वरातीच्या पुढे. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, इथे वरातच घोड्यामागून आली. एका फेटेवाल्या काकांनी दहाची नोट घोडीवरून ओवाळून म्होरकीत खोचली. भाच्याने नंतर ती नोट मला आणून दिली, "मामा, ही तुमची कमाई." मी घेतली.

इतकं सगळं नीट जमवून आणल्यावर माणसाची एकच माफक अपेक्षा असते. पंधराव्या दिवशी भाच्याने लंगडत यावं, घोडी दारात सोडावी आणि चार लोकांसमोर म्हणावं, "मामा, ही फक्त तुमचंच ऐकते." बस. घोडी उसनी देणाऱ्या प्रत्येकाला हेच ऐकायचं असतं, चारा वगैरे निमित्त.

पण पोरगं निघालं अवलक्षणी. पहिले तीन दिवस बसलाच नाही म्हणे, नुसती हातात धरून चालवली. ब्लोअरचा आवाज लांबून ऐकवला, मग थोडा जवळून, प्रत्येक वेळी मूठभर लसूणघास. तंग तीनदा तपासायचा. खाणं विचारायला मला नाही, डॉक्टरांना फोन केला. नालबंदाचे पैसे स्वतः दिले, तेही सांगितलं नाही, मला नालांवरून कळलं. परत आणली तर घोडी टेम्पोतून शांत उतरली, शेजारून ट्रॅक्टर गेला तर एक कान फिरवला, बास. चार लोक जमले होतेच. कुणीतरी म्हणालं, "अरे, किती शहाणी झाली!"

अशा प्रसंगी काय म्हणायचं ते पाठ करून ठेवा: "बिघडवलीस रे. पाणीच उतरवलंस तिचं."

रविवारी मी बसलो. लगाम नेहमीसारखा घट्ट धरला, टाच मारली. मैना जागची हलली नाही. दुसरी टाच मारली तर तिने मान मागे वळवून माझ्या बुटाकडे बघितलं. शेजारचे आप्पा कंपाउंडवर चहा घेऊन उभे होते, त्यांनी कप खाली ठेवला, म्हणजे त्यांना वेळ होता. शेवटी भाच्याला फोन लावला, हळू आवाजात. तो म्हणाला, "मामा, हात खाली घ्या, लगाम सैल सोडा, ती आपोआप चालेल."

मी म्हटलं, आवाज येत नाहीये, रेंज नाही, आणि फोन कट केला.