उज्जैनीचा दिवस आठवला
गारपिटीत गहू आडवा झाल्यावरही दुसऱ्या सकाळी बांधावर दिवा लावणाऱ्या आजोबांबद्दल वाचलं आणि इंदूरजवळच्या देपालपूरकडचे माझे मामा डोळ्यांपुढे उभे राहिले. आम्ही सगळे इंदूरला आलो, मामांनी शेत सोडलं नाही. 2023 चा ऑगस्ट, 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा. सोयाबीन ऐन भरात आणि काळ्या मातीला अशा भेगा, की मामांचा हात मनगटापर्यंत आत गेला. गावानं उज्जैनी करायची ठरवली. (माळव्यात पाऊस रुसला की गाव घरं बंद करून शिवेबाहेर जातं, दिवसभर तिथेच रांधतं-जेवतं.) अठ्ठ्याहत्तर वर्षांचे मामा, गुडघे धरलेले, तरी गोवऱ्यांच्या आरावर स्वतः बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) भाजत बसले. पहिला तुपात बुडवून देवापुढे, मग आम्हाला. "मामा, येईल ना हो पाऊस?" म्हटलं, तर म्हणाले, "ते त्याच्याकडे. आपण बोलवायचं." सप्टेंबरात आला धो धो, पण अर्धं पीक हातचं गेलं होतं. या श्रद्धेला कुणी अडाणीपणा म्हटलं की मला फार लागतं. त्याच उन्हाळ्यात मामांनी विहिरीचा गाळही काढून घेतला होता, काठावर उभं राहून.